दान तिथेच ठेव आणि जा

प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे. त्याच्या तयारीची ही संध्याकाळ, आणि पाळकसाहेबांनी मला बोलायला सांगितले. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवले. फळ्याच्या वर ‘शांतता राखा’ असे रंगवलेले असायचे. मुले गप्प बसायची आणि बाकाखाली चिमटे चालू असायचे. आपल्या घरांतली शांतता मला पुष्कळदा तशीच वाटते.

बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू धन्य म्हणतो ते शांती करणाऱ्यांना. राखणाऱ्यांना नव्हे. म्हणजे जिथे ती नाही तिथे ती करायची आहे, भाकरी करतो तशी. रोज, आणि बोटे भाजली तरी. आपण मात्र अबोल्यालाच शांती समजतो. ‘आम्ही भांडत नाही हो, फक्त बोलत नाही,’ हे सांगताना आपल्याला थोडा मोठेपणाही वाटतो.

माझा आणि माझ्या थोरल्या जावेचा अडीच वर्षे अबोला होता. सासूबाई गेल्या आणि त्यांच्या दोन पाटल्यांवरून बिनसले. त्या पाटल्या मला देईन असे सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या. अक्का म्हणाल्या, शेवटी अंथरुणावर त्यांचे सगळे मी केले. दोघींचेही खरे होते, म्हणूनच ते भांडण मिटेना. चर्चमध्ये त्या दुसऱ्या रांगेत, मी पाचव्या. प्रभुभोजनात एकाच भाकरीचा तुकडा घ्यायचो आणि बाहेर पडताना एकमेकींना टाळण्यासाठी मी मुद्दाम चपला शोधत राहायची.

एके रविवारी वाचनात मत्तय पाच, तेवीस आणि चोवीस आले. तू वेदीपाशी दान आणले आहेस आणि तिथे तुला आठवले की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. लहानपणापासून ऐकलेले वचन. पण त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आले की तिथे ‘तुझ्या मनात’ असे म्हटलेलेच नाही. रुसलेला तो आहे. उठायचे मात्र मला आहे. आणि ऐकणारी माणसे कोण होती? गालीलची. वेदी होती यरुशलेमेत, कित्येक दिवसांच्या पायपिटीवर. प्रभू त्यांना सांगतोय, एवढे चालून आलात तरी दान ठेवा, गावी परत जा, मग पुन्हा या. माझ्या जावेचे घर दोन गल्ल्या सोडून होते.

जाण्याआधी मी काय बोलायचे ते मनात घोकले होते. मालकांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘यातला ‘पण तुम्हीसुद्धा’ तेवढा घरी ठेवून जा.’ खरे होते ते. ‘माझे चुकले, पण तुम्हीसुद्धा’ हे क्षमा मागणे नसते, तो जुन्या भांडणाचा पुढचा हप्ता असतो. पहिल्या दिवशी अक्कांनी दारातच उभे केले. दुसऱ्या खेपेला पाणी दिले. चहा व्हायला तीन महिने लागले. पाटल्या त्यांच्याकडेच आहेत आणि मी त्यांचा विषय सोडला आहे. हे सहज झाले असे मी सांगणार नाही. लग्नसमारंभात त्यांच्या हातात त्या पाहिल्या की अजून पोटात हलते.

आता दुसऱ्यांच्या भांडणात पडण्याबद्दल. फिलिप्पैकरांच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल मंडळीतल्या दोन बहिणींची नावे घेतो, युवदीया आणि सुंतुखे. दोघींनी सुवार्तेसाठी त्याच्याबरोबर कष्ट केले होते. त्यांचे कशावरून फाटले, हे पौल लिहीत नाही, आणि मला त्यातच त्याची माया दिसते. ते पत्र मंडळीत मोठ्याने वाचले जाणार होते. कारण लिहिले असते तर दोन हजार वर्षे आपण त्यावर पक्ष घेत बसलो असतो. तो एकदा ‘विनंती करतो’ म्हणून भागवत नाही. युवदीयेला विनंती करतो, सुंतुखेला विनंती करतो, अशी दोघींना वेगवेगळी विनंती. आणि मग तिथल्या एका सोबत्याला सांगतो, यांना साहाय्य कर. यांचा न्याय कर, असे नाही.

फिलेमोनाच्या पत्रात तो याच्याही पुढे जातो. अनेसिम हा फिलेमोनाकडून, म्हणजे आपल्या मालकाकडून, निघून गेलेला दास. त्याला परत पाठवताना पौल लिहितो, त्याने तुझे काही नुकसान केले असेल तर ते माझ्या खाती मांड, मी फेडीन. आपल्याकडे मध्यस्थ सल्ला देतो, चहा पितो आणि निघतो. स्वतःच्या खाती काही मांडून घेणारा मध्यस्थ मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. एका घरी जमिनीच्या मोजणीची फी कोणी भरायची यावर वाद अडला होता, तेव्हा आपल्या मंडळीतल्या एका काकांनी गुपचूप ती भरली. त्यांचे नाव त्यांना चालणार नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण या विषयाच्या नावाखाली आपल्या बहिणींवर अन्याय झालेला आहे. मार खाणाऱ्या बाईला ‘सहन कर, तू ख्रिस्ती आहेस, शांती राख’ असे सांगून परत धाडणे म्हणजे शांती करणे नव्हे. जखम वरवर बांधून ‘शांती, शांती’ म्हणणाऱ्यांवर यिर्मया संदेष्टा संतापला होता. अशा बहिणीला आधी सुरक्षित जागी न्या. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, त्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी आहेत, तिथे तिच्याबरोबर जा. समेटाचे बोलणे तिचा जीव शांत झाल्यावर, तेही तिची इच्छा असली तर.

आणि घाई नको. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधल्या काळात त्या माउलीने ताटातूट सोसली, पुढे एकत्र आल्यावरही सोवळे पाळले. त्या घराची गाठ कोणाच्या उपदेशाने एका दिवसात सुटली नाही.

तरुणांना एक विनंती. मोबाइलच्या स्टेटसला वचन ठेवून कोणाला टोमणा मारू नका. ज्याला उद्देशून ठेवता त्याला ते बरोबर कळते आणि त्याच्यासाठी ते वचन कायमचे विटते. मत्तय अठरामध्ये प्रभूने दिलेली पहिली पायरी आहे, एकांतात जाऊन त्याच्याशीच बोल. ग्रुपवर नाही, त्याच्या मेव्हण्याशी नाही.

हे मी शिकले ते स्वतः चुकून. बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांमध्ये मी गेल्या वर्षी पडले. मोठा चिडून जे बोलला, ते ‘तुला कळावे म्हणून’ मी धाकट्याच्या कानावर घातले. मला वाटले, मन मोकळे होईल. नीतिसूत्रांत लिहिले आहे की लाकूड नसले की विस्तव विझतो. मी लाकूड नेऊन टाकले. आता दोघांचा अबोला आहेच, शिवाय धाकटा माझ्याशीही बोलत नाही. प्रार्थनेला येणे त्याने सोडले.

शनिवारी संध्याकाळी इथे तयारीची प्रार्थना आहे. तुम्ही सगळे या. मला उशीर होईल, मळ्यात त्याच्या घरी जाऊन येते.