पन्हळीला आडवा प्रकाश

चिकटपट्टी दुमडायची, दाबायची, हलकेच सोलायची. पुन्हा दुमडायची. काळ्या फॉस्फरसचे थर एकमेकांना सैलच धरून असतात, त्यामुळे दर सोलण्याला स्फटिक आणखी पातळ होतो. हे सगळं चाललंय ते काचेच्या बंद पेटीत, आर्गॉन वायूत, जाडजूड रबरी हातमोज्यांतून. बोटं आखडतात. घाई केली की तुकड्याचा चुरा.

पदार्थ तसा जुना. 1914 साली अमेरिकेत पर्सी ब्रिजमन यांनी पांढरा फॉस्फरस 200 अंश सेल्सिअसला, वातावरणाच्या सुमारे 12 हजार पट दाबाखाली ठेवला, आणि हे काळं रूप हाती आलं. दाबाखाली पदार्थाचं काय होतं, एवढंच त्यांना पाहायचं होतं. संशोधनासाठी पैसे मागायच्या अर्जात ‘उपयोग’ नावाचा रकाना तेव्हा नसावा बहुधा. पातळ अर्धवाहक म्हणून याच्याकडे जगाचं लक्ष गेलं ते थेट 2014 मध्ये.

आता सूक्ष्मदर्शकाखाली बघा. एकमेकींना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवणपट्ट्या, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या पट्ट्या, आणि मध्ये आपला तुकडा. काचपट्टी ठेवलेली चकती सावकाश फिरतेय. तुकडा उजळला... विझला... पुन्हा उजळला. एका पूर्ण फेरीत चार वेळा उजेड, चार वेळा अंधार. भोवतीची काच मात्र सगळा वेळ काळीच.

याचं कारण अणूंच्या मांडणीत आहे. इथला प्रत्येक थर सपाट नाही, पन्हळी पत्र्यासारखा आहे. प्रकाशाचं कंपन पन्हळींना आडवं असेल, तर अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, तांबड्यापलीकडचा प्रकाश शोषला जायला लागतो. तेच कंपन पन्हळींच्या लांबीच्या दिशेने असेल, तर तोच प्रकाश बराचसा आरपार जातो.

पण नुसत्या उजेड-अंधारावरून आडवी दिशा कोणती नि उभी कोणती, ते कळत नाही. म्हणून तुकडा अवरक्त वर्णपटमापकाखाली जातो. ध्रुवण, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा, थोडं वळवायचं, किती प्रकाश शोषला गेला ते मोजायचं, पुन्हा वळवायचं. पडद्यावर ठिपके जोडत जो आकार उभा राहतोय, त्याची लांब बाजू ती आडवी दिशा. दुपार यातच जाते, आणि जायलाच हवी.

हा दुसरा तुकडा उघड्या हवेत राहिला होता. पृष्ठभागावर फोड आलेत: ऑक्सिजन, ओलावा आणि उजेड, तिघांचं काम. म्हणून चांगल्या तुकड्यावर बोरॉन नायट्राइडचा पारदर्शक थर चढवतात. अशा तुकड्यांपासून वेगळी ध्रुवणपट्टी न लावता ध्रुवण ओळखणारे अवरक्त शोधक प्रयोगशाळांत बनलेही आहेत.