निळी गाडी

(पहाट. फाटा. धुकं.)

टपरीचं शटर अजून खाली आहे, पण लाल रिबिनी येऊन उभ्या राहिल्यात. कुणी वाडीवरून, कुणी शेतातल्या वस्तीवरून. पाय ओले आहेत, कारण वाट ज्वारीतून आहे.

शिक्षण हक्क कायदा म्हणतो, पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत. नववीसाठी अंतर सांगितलेलंच नाही. मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे, तीही फार आधीपासून. त्यामुळे घरात फीवरून वाद होत नाही. तो होतो यावर: जाईल कशी, आणि दिवेलागणीच्या आत येईल का?

एसटी होती की. पण मुक्कामी गाडी पहाटेच सुटायची. ती बाजाराची, कोर्टकचेरीची. शाळेची घंटा तिच्या हिशेबात नव्हती.

(धुक्यातून बस येते.)

ही वेगळी. पाटी वाचा: मानव विकास. २०११पासून राज्य सरकारचा हा कार्यक्रम १२५ मागास तालुक्यांत गेला, आणि तालुक्याला सुरुवातीला ५ अशा गाड्या मिळाल्या. गाडीचा पैसा कार्यक्रमाचा, चालक-वाहक एसटीचे. शाळेनं मुलींची गाववार यादी द्यायची, आगारानं त्यावर फेऱ्या बसवायच्या. आठवी ते बारावीच्या मुलींना तिकीट नाही. शाळा ५ किलोमीटरच्या आत असेल तर गाडीऐवजी सायकलीसाठी पैसे.

(वाहकाचा चेहरा, जवळून.)

हे वाहक पास नंतर बघतात, आधी डोकी मोजतात. आज एक कमी आहे. दोन घंट्या द्यायच्या सोडून ते दारातून शेताकडे बघत राहतात. आगाराच्या वेळापत्रकात ही दोन मिनिटं कुठेच नाहीत. आम्हाला विचाराल तर अख्खी योजना या दोन मिनिटांवर चालते.

आली. धापा टाकत, एका हातात चप्पल.

(रिकामा फाटा.)

२०२१च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला. कोरोनानंतरचे वर्ग नुकते कुठे उघडले होते. एप्रिलपर्यंत गाड्यांचा भरवसा राहिला नाही. काहींची शाळा सुटली, काहींची लग्नं लागली.

(बसच्या आत. खिडक्या, दप्तरं, मांडीवर उघडी वही.)

शेवटच्या बाकावर भूमितीचा गृहपाठ चाललाय. खड्डा आला की वर्तुळ बिघडतं, मग खोडरबर फिरतं मागून पुढे.

(संध्याकाळ. तोच फाटा. दार उघडतं. निवेदन नाही, फक्त वाहकाचं मोजणं ऐकू येतं.)