पाठीमागे कोण उभं आहे?

नमस्कार श्रोतेहो. मालवणच्या जेटीवर किंवा गणपतीपुळ्याच्या वाळूत कुणी हातचलाखी करताना दिसला, की आपले डोळे त्याच्या बोटांवर खिळतात. मी आधी बघतो तो उभा कुठे आहे आणि त्याची पाठ कुणाकडे आहे. जत्रांतून नाण्यांचे आणि पत्त्यांचे खेळ करता करता माझं एक मत पक्कं झालंय: अर्धा खेळ उभं राहण्याच्या जागेवर ठरतो.

नाट्यगृहात प्रेक्षक एकाच बाजूला असतात. आंगणेवाडीच्या जत्रेत माणसं चारही बाजूंनी गोळा होतात. तळहातात नाणं दाबून धरणं, ज्याला आम्ही पाम करणं म्हणतो, ते समोरून बेमालूम दिसतं. पण तुमच्या खांद्यामागून बघणाऱ्याला ते नाणं सरळ दिसतं. हाताच्या मागच्या बाजूला पत्ता लपवायचा प्रकार तर त्याहून नाजूक, थोडं बाजूला उभं राहिलं तरी पत्त्याची कड दिसते. तो मी उघड्यावर करतच नाही. आपले जुने गारुडी वाट्या आणि गोळ्यांचा खेळ जमिनीवर बसून करायचे, त्यामागे केवढी समज होती! रिंगणातले सगळे वरून बघणार, आणि वरून दिसते ती हाताची पाठ.

उभ्यानं खेळ करायचा तर मी चिऱ्याचा गडगा शोधतो आणि त्याला पाठ लावतो. मागे एसटीची काच किंवा दुकानाचा आरसा नाही ना, तेही बघून घेतो. मग लोकांना म्हणतो, "जरा पुढे या, अर्धगोल करा." कडेची माणसं समोर सरकली, की निम्मी चिंता मिटते.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून उभं राहिलात तर मावळतीचं ऊन तुमच्या बोटांच्या फटींतून आरपार येतं, आणि रिकाम्या म्हणून दाखवलेल्या हातातल्या नाण्याची गडद आकृती दिसते. म्हणून मी किनाऱ्याला समांतर उभा राहतो, ऊन एका बाजूनं घेतो.

आणि मुलं! आरशासमोर सराव करताना आपण आपल्याच उंचीवरून बघतो. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे तुमच्या कमरेशी असतात, त्याला हाताखालचं सगळं दिसतं. मी आता मोबाइल स्टुलावर ठेवून चित्रीकरण करतो. एकदा जत्रेत असाच एक मुलगा मागच्या गडग्यावर चढून बसला होता. मी नाणं गायब केलं आणि तो ओरडला, "काकानू, नाणा थंयच आसा!" सगळं रिंगण त्याच्याकडे वळलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

तेव्हापासून खेळ सुरू करण्याआधी गडग्यावरच्या पोराला खाली बोलावतो, पहिल्या रांगेत बसवतो आणि नाण्यांची पिशवी त्याच्याच हातात देतो.