शेवटच्या ४८ तासांतला बनावट आवाज

नमस्कार श्रोतेहो. मतदानाच्या आदल्या रात्री अमळनेर किंवा शहाद्याकडच्या एखाद्या गावात मोबाइलवर एक ध्वनिफीत फिरू लागते; आवाज हुबेहूब उमेदवाराचा, बोली अस्सल अहिराणी, आणि तो सांगतो की आपण माघार घेतली आहे. असे घडले, तर कायदा काय करू शकतो, याचा आज विचार करू.

लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांना लागू असलेल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम १२३(४) प्रमाणे, उमेदवाराच्या चारित्र्याविषयी किंवा माघारीविषयी जाणूनबुजून केलेले खोटे विधान हा भ्रष्ट आचार ठरतो आणि त्यावरून निवडणूक रद्दही होऊ शकते. मात्र ते विधान प्रतिस्पर्धी उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने इतर कोणी केले, हे सिद्ध करावे लागते. निवडणूक याचिका निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबारकरांसाठी औरंगाबाद खंडपीठात, दाखल करावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड नुसार संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ मध्ये मात्र निवडणुकीतील खोट्या विधानाला केवळ दंड आहे, आणि तो मला फार अपुरा वाटतो.

खरी अडचण वेळेची आहे. स्लोव्हाकियात २०२३ मध्ये एका पक्षनेत्याच्या आवाजातील बनावट संभाषण मतदानाला दोन दिवस उरले असताना, प्रचारबंदीच्या तोंडावर पसरले आणि खुलासा करणे कठीण झाले. आपल्याकडेही मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास जाहीर प्रचार थांबतो. खोडसाळांना हीच वेळ सोयीची असते. म्हणूनच निवडणूक आयोगाने मे २०२४ मध्ये, असा बनावट मजकूर निदर्शनास आल्यापासून ३ तासांत तो हटवण्याचा राजकीय पक्षांना दिलेला आदेश मला शिक्षेच्या कलमांहून अधिक उपयोगाचा वाटतो, कारण दिलेले मत परत घेता येत नाही.

तेव्हा अशी फीत आली, तर ती पुढे पाठवू नका, पण मोबाइलमधून पुसूनही टाकू नका. पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि वेळ टिपून ठेवा, आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर किंवा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे त्याच रात्री तक्रार करा, आणि मूळ फीत पोलिसांना तपासता येईल अशी जपून ठेवा.