दुधाची वाट

(पडदा काळा. बाळ चुटुचुटु दूध पीत असल्याचा आवाज. हळूहळू उजेड होतो.)

निवेदन:
बाळ अंगावर पीत असलं की खोलीत एवढाच आवाज उरतो.

१८३७ साली डब्लिनमधल्या अब्राहम कॉलिस या शल्यचिकित्सकाने या पिण्याबद्दल एक विचित्र गोष्ट लिहून ठेवली. शरीरसंबंधातून पसरणारा सिफिलिस हा रोग घेऊन जन्मलेलं, तोंडात चट्टे आलेलं बाळ आईला पितं, पण आईच्या स्तनावर काहीच उठत नाही. तेच बाळ पगारी दूधआईच्या छातीशी लावलं, की काही आठवड्यांत तिच्या स्तनाग्रावर व्रण दिसतो. आईला अभय आणि दूधआईला शिक्षा, असं का?

पुढची सत्तर वर्षं डॉक्टर मंडळी याला 'कॉलिसचा नियम' म्हणत राहिली. १९०६ मध्ये सिफिलिस ओळखणारी वासरमानची रक्तचाचणी आली आणि कोडं सुटलं. आईला अभयबिभय काही नव्हतं, तिला रोग आधीच झालेला होता. तिच्या अंगावर तो दिसत नव्हता, एवढंच. बाळाला तो गर्भातच तिच्याकडून मिळाला होता आणि तिला, बहुतेक वेळा, तिच्या नवऱ्याकडून.

(जुन्या पॅरिसची चित्रं. टोपलीत बाळ घेऊन निघालेल्या खेडवळ बायका.)

निवेदन:
त्या काळी पॅरिसमधली हजारो बाळं खेड्यातल्या दूधआयांकडे जात. शहरातलं एखादं घराणं आपलं बाळ देई, बाळाला काय झालंय ते सांगत नसे. दूधआईला व्रण होई, तिच्याकडून तिच्या नवऱ्याला, तिच्या पोटच्या लेकराला लागण होई. आणि गावात बोट कोणाकडे? तिच्याकडेच. एकोणिसाव्या शतकात यातल्या काही बायका कोर्टात गेल्या आणि बाळाच्या आईबापांकडून त्यांनी भरपाई मागितली. मला स्वतःला या गोष्टीतली खरी धीट माणसं या बायकाच वाटतात.

आता रोगाच्या नावांकडे बघा. मराठीत सिफिलिसला गरमी म्हणतात, गोनोरियाला परमा. दोघांना मिळून गुप्तरोग. सोळाव्या शतकात भावमिश्राने 'भावप्रकाशा'त याला फिरंग रोग म्हटलं, म्हणजे खापर परदेशी माणसावर. तिकडे फ्रेंच लोक त्याला नेपल्सचा रोग म्हणत होते आणि नेपल्सवाले फ्रेंच रोग. नाव ठेवताना प्रत्येकाने शेजाऱ्याचं घर दाखवलं.

(काच फुंकणारे कामगार. एकच लोखंडी नळी एकाच्या ओठांवरून दुसऱ्याच्या ओठांवर.)

निवेदन:
हे फ्रान्समधले काचकामगार. भट्टीतला काचेचा गोळा गार व्हायच्या आत फुंकायचा, म्हणून नळी भराभर या तोंडातून त्या तोंडात जाई. ल्योंचे डॉक्टर जोझेफ रोले यांनी दाखवून दिलं, की या नळीवरून सिफिलिस ओठांना होतोय. रबरी हातमोजे येण्याआधी बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना आणि सुइणींना तो बोटावर होई. नखाजवळ जरासं खरचटलेलं असलं तरी पुरे.

जंतूला जननेंद्रियाचं काही विशेष प्रेम नाही. त्याला पातळ, ओलसर अस्तर लागतं किंवा फाटलेली कातडी. ती शरीरसंबंधात सहज मिळते, म्हणून रोगाला गुप्तरोग हे नाव पडलं. ओठ, तोंडाचा आतला भाग, डोळा, चिरलेलं स्तनाग्र, इथेही तेच अस्तर किंवा तीच चीर असते. गोनोरिया तर जन्माच्या वाटेवरच बाळाच्या डोळ्यांत शिरतो. कितीतरी बाळांची नजर त्याने गेली. १८८० च्या सुमारास लाइपझिगमध्ये कार्ल क्रेडे यांनी नवजात बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायला सुरुवात केली, तेव्हा कुठे हे प्रमाण झपाट्याने खाली आलं.

उलट बाजूही तितकीच खरी. सिफिलिसचा जंतू वाळला की मरतो. एका ताटात जेवून, संडासाच्या भांड्यावरून, डासाच्या चावण्यातून एचआयव्ही, म्हणजे एड्सचा विषाणू, पसरत नाही. पाहुणी येऊन गेल्यावर कपबशी उकळत्या पाण्यात टाकणाऱ्या घराने भीती भलत्याच ठिकाणी खर्च केलेली असते. तापानंतर ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड आलेला मामा बारशाला येतो, बाळाची गालफडं धरून मुके घेतो आणि कोणी त्याला अडवत नाही. ते फोड हर्पिसचे. मोठ्या माणसाला त्याचं फारसं काही वाटत नाही, पण काही दिवसांच्या बाळाच्या ते जिवावर बेतू शकतं. इथे मामाला राग आला तरी चालेल.

(बर्फाळ शहर. काल्मिकियाची राजधानी एलिस्ता.)

निवेदन:
१९८८. सोव्हिएत संघातलं एलिस्ता. इथल्या मुलांच्या रुग्णालयात एचआयव्हीची लागण झालेली मुलं सापडू लागली. तपासात कारण निघालं, त्याच त्या सिरिंजा पुन्हापुन्हा वापरल्या जात होत्या. मुलांचा आकडा ७० च्या वर गेला. मग काही आयाही पॉझिटिव्ह निघाल्या. आईकडून बाळाला, ही वाट सगळ्यांना माहीत होती. इथे ती उलटी चालली होती. आजारी बाळांच्या तोंडात फोड, त्यातून रक्त. आईच्या स्तनाग्राला चिरा. बाळ प्यायलं आणि विषाणू बाळाकडून आईत गेला.

कॉलिसच्या दूधआईची गोष्ट दीडशे वर्षांनी पुन्हा घडली. या वेळी छाती सख्ख्या आईची होती.

(पुणे. ससून रुग्णालयाची जुनी दगडी इमारत. बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर सासवा, डबे, चादरी.)

निवेदन:
सिफिलिस पसरायला स्तनावर व्रण लागतो. एचआयव्हीचं तसं नाही, तो दुधातच असतो. काहीच औषध दिलं नाही, तर गरोदरपण, बाळंतपण आणि दूध मिळून १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते. मग दूध तोडावं, हे कोणालाही सुचेल. श्रीमंत देशांनी तेच केलं.

पण वरचं दूध म्हणजे बाटली, पाणी, उकळायला इंधन, दर महिन्याला दूध पावडरच्या डब्याचे पैसे. २००३ मध्ये पुण्यातल्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससूनमधल्या डॉक्टरांनी लिहिलं, की एचआयव्ही असलेल्या आयांच्या बाळांमध्ये वरचं दूध घेणाऱ्यांना रुग्णालयात भरती करावं लागण्याचं प्रमाण फार जास्त आहे. विषाणूपासून वाचवलेलं बाळ जुलाबाने हातचं जायचं.

त्याआधी, १९९९ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनहून आलेले आकडे वाचून अनेकांनी ते पुन्हा तपासले असतील. तीन महिन्यांच्या वयाला लागण किती? फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांत १४.६ टक्के. अंगावरचंही आणि वरचंही देणाऱ्यांत २४.१ टक्के. सगळ्यात वाईट ही मधली वाट. त्यामागचा तर्क असा, की वरच्या दुधाने आणि पाण्याने बाळाच्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि विषाणूला दार मिळतं.

आपल्या घरांत तर मधली वाट हीच रीत. मधाचं बोट चाटवायचं, बाळगुटी उगाळायची, उन्हाळा आहे म्हणून चमचाभर पाणी द्यायचं. सहाणेवर वेखंडाचे वळसे घेणाऱ्या आजीला 'हे नको' म्हणायचं, पण का नको ते सांगायचं नाही. कारण सुनेचा रिपोर्ट सासूला माहीत नाही. समुपदेशन करणाऱ्या बाईंचं निम्मं काम या एका वाक्यात अडकतं.

(सिरपची छोटी बाटली. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये ओढलेलं औषध. बाळ तोंड वाकडं करतं.)

निवेदन:
मग प्रश्न उलटा विचारला गेला. दूध राहू दे, विषाणू अडवता येईल का? पुणे, इथिओपिया आणि युगांडा इथे मिळून सुमारे २,००० बाळांवर चाचणी झाली. काहींना नेव्हिरापीन या एचआयव्हीविरोधी औषधाचा जन्मानंतरचा एकच डोस, काहींना रोज, सहा आठवड्यांपर्यंत. २००८ मध्ये निकाल छापून आला. सहाव्या आठवड्याला रोज औषध घेणाऱ्यांमधली लागण जवळजवळ निम्मी होती. सहाव्या महिन्याला मात्र फरक ठामपणे सांगण्याइतका उरला नाही. साहजिक आहे. औषध सहा आठवड्यांनी थांबलं होतं, दूध थांबलं नव्हतं.

म्हणजे औषध दुधाइतकंच लांब चालायला हवं. आणि ते बाळापेक्षा आईने घेतलं तर? जानेवारी २०१४ पासून भारतात एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला, रक्तातल्या सीडी४ या प्रतिकारपेशींचा आकडा काहीही असो, कायमची एआरटी, म्हणजे विषाणू दाबणारी औषधं, सुरू करायचं ठरलं. आई रोज गोळी घेते, रक्तातला विषाणू दबतो, दुधातलाही दबतो. बाळाला जन्मापासून किमान सहा आठवडे सिरप. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं, पाण्याचा थेंबही नाही. हे नीट पाळलं तर लागण ५ टक्क्यांच्या खाली येते.

(तपासणीची खोली. टेबलावर जाड कागदाचं कार्ड, त्यावर छापलेली वर्तुळं.)

निवेदन:
बाळ सहा आठवड्यांचं झालं. एरवीही हे लशीचं वय. टाच कोमट करायची, बाजूला बारीक टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा आणि पुढचे थेंब एकेका वर्तुळात भरायचे. वर्तुळ काठापर्यंत भरलं पाहिजे. मग कार्ड आडवं ठेवून सावलीत वाळवायचं. लाल रंग हळूहळू तपकिरी होतो.

बाळात विषाणू आहे का, ते पाहायला कार्ड प्रयोगशाळेत जाणार, रिपोर्ट यायला वेळ लागणार. पुढेही तपासण्या आहेत, शेवटची साधारण दीड वर्षाच्या वयाला.

टोचल्यामुळे बाळ रडतंय. आई बाकावर भिंतीकडे तोंड करून बसते, पदर ओढून घेते.

(चुटुचुटु आवाज. रडणं थांबतं.)