बाळंतपण, माहेर आणि मोबाईल

मंडळी, आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. डोहाळजेवण उरकलं की पोर अक्कलकोटहून कर्नाटकातल्या आळंदला जाते, मंगळवेढ्याहून तिकडच्याच इंडीला जाते. तिची नोंद मात्र सासरच्या आशाताईकडे राहते आणि नोंदीत नंबर असतो नवऱ्याचा.

आता केंद्र सरकारची 'किलकारी' घ्या. ही सेवा २०१६ साली सुरू झाली, महाराष्ट्रात आली २०२४ मध्ये. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक फोन, असे आई-बाळाच्या काळजीचे ७२ निरोप. निरोप चांगले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते ऐकतो कोण? यंत्रमागाच्या खडखडाटात उभा असलेला नवरा. तो 'हॅलो हॅलो' करतो आणि फोन ठेवून देतो.

माता का दगावते, याचं उत्तर सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघी संशोधकांनी १९९४ साली तीन उशिरांत मांडलं. निघायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. मोबाईलचा खरा उपयोग पहिल्या उशिरावर. रक्ताची पिशवी ॲपमधून येत नाही, खड्डेही बुजत नाहीत. पण गर्भारणीचं डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तोंडावर सूज आहे आणि घरातले म्हणतायत 'पित्त झालंय', तेव्हा 'आत्ताच्या आत्ता बीपी मोजा, १४०/९० किंवा वर असेल तर थांबू नका' हे कुणीतरी सांगायला हवं. आणि सासूच्या भाषेत सांगायला हवं, कारण निघायचं की नाही हे बहुधा तीच ठरवते. सोलापुरात ती भाषा मराठी असेल, कन्नड असेल, उर्दू असेल. शहराच्या पूर्व भागात तेलुगू.

शिवाय ऐकवायला हवं. विड्या वळणाऱ्या बाईचे हात दिवसभर गुंतलेले, कान मोकळे. तिला बटणं दाबायला लावणारं ॲप बनवणाऱ्यानं विडीचं सूप कधी पाहिलेलंच नाही, असं मी म्हणेन.

आशाताईंचं दुखणं वेगळं. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी बाळाला बघायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं असतं. या तारखांची आठवण फोननं करून दिली, मिनिटाचं घड्याळ लावून श्वास मोजायला मदत केली, तर उत्तम. बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले, छाती आत ओढली जात असली, बाळ दूध ओढेनासं झालं, अंगाला गार लागलं, तर लगेच हलवायचं. पण आधी वहीत लिहा, मग तेच ॲपमध्ये भरा, याला मदत कशी म्हणायची? ती नुसती दुबार हमाली.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली. तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हातात मोबाईल नव्हता. श्वास मोजायला त्यांनी मणी आणि वाळूचं घड्याळ जोडलेलं साधं साधन आधीच बनवलं होतं. शिकलेली बाई वेळेवर दारात पोचत होती, बाकी सगळं त्यामागून.

नर्सताईंसाठी 'सेफ डिलिव्हरी' नावाचं ॲप आहे, मूळ डेन्मार्कचं. न रडलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा, बाळंतिणीचा रक्तस्राव कसा थांबवायचा, हे चित्रफितींतून दाखवतं. एकदा उतरवून घेतलं की रेंज नसली तरी चालतं. इथिओपियातल्या चाचणीत ते वापरणाऱ्यांचं ज्ञान आणि हात दोन्ही सुधारले. बाळांचे मृत्यू कमी झाल्याचं मात्र ठामपणे सिद्ध झालं नाही. ॲप विकायला येणारे पहिलं वाक्य सांगतात, दुसरं गाळतात.

इथे बसलेल्या आशाताईंना एकच विनंती. पोर माहेरी निघाली की तिच्या आईचा नंबर नोंदीत घाला आणि माता-बाल कार्ड तिच्या पिशवीत गेलंय का ते बघा. तिकडच्या आशाताईला स्वतः एक फोन करा. ती कर्नाटकातली असली तरी करा. अक्कलकोटच्या तुम्हा बायकांना कन्नड काय मी शिकवायचं?