हार कुणाला घालायचा?

आयोजकांनी विषय दिलाय, 'मोठ्या कंपन्यांचं व्यवसाय-धोरण आणि क्लाउड'. घाबरू नका. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कंपनीचे संगणक इंटरनेटवरून भाड्याने वापरणं, एवढंच. समोर निम्मे आयटीवाले दिसताहेत, उरलेले त्यांचे आईवडील असावेत. मुलगा रात्री बारापर्यंत नक्की काय करतो हे ऐकायला आलेले.

मी दसऱ्यापासून सुरू करतो. ज्या कारखान्याचा संगणक विभाग मी २१ वर्षं सांभाळला त्याचं नाव सांगत नाही, अजून तिथल्या लोकांच्या घरी जेवायला जातो. तिथे खंडेनवमीला लेथ, क्रेनबरोबर आमच्या सर्व्हर रूमचीही, म्हणजे कारखान्याचं काम चालवणारे मोठे संगणक ठेवलेल्या खोलीचीही, पूजा व्हायची. रॅकला झेंडूचा हार, यूपीएसला हळदकुंकू. एका वर्षी अक्षता पंख्यात गेल्या आणि दुपारपर्यंत गेटपास छापता येईनात. तेव्हापासून अक्षता बंद, हार चालू.

मग बोर्डात ठरलं, क्लाउडवर जायचं. का? तर सगळे जाताहेत. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टची क्लाउड केंद्रं भारतात आली होती, २०१६ मध्ये ॲमेझॉनचं मुंबईत. म्हणजे 'परदेशात डेटा कशाला' ही माझी हक्काची सबबही गेली. दीड वर्षात सगळे सर्व्हर हलवले. जसेच्या तसे. घर बदलताना माळ्यावरची फुटकी बादलीही ट्रकमध्ये चढते ना, तसे. पुढच्या खंडेनवमीला आमचे शिपाईमामा हार घेऊन रिकाम्या खोलीत उभे. "साहेब, हार कुणाला?" शेवटी वायफायच्या डबीला घातला.

हसताय, पण पहिलं बिल आलं तेव्हा आमच्यात कुणी हसलं नव्हतं. मार्चअखेरच्या गर्दीच्या मापाने घेतलेली यंत्रं आम्ही त्याच मापाने वर नेली होती. स्वतःचा सर्व्हर एकदा विकत घेतला की चालू काय, बंद काय, विजेपुरता फरक. त्यामुळे तो बंद करायची सवयच नाही. उलट बंद केला तर परत उठेल का, ही धाकधूक. क्लाउडवर मात्र मीटर पडतो. रिक्षा दाराशी उभी करून आत गप्पा मारत बसण्यातला प्रकार. चाचणीचे सर्व्हर वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत चालू, आणि आम्ही सगळे गावी फराळाला. खरेदी खात्याचे साहेब तर हवालदिल. पूर्वी माउस घ्यायचा तरी तीन कोटेशनं. आता चोवीस वर्षांचा पोरगा शुक्रवारी संध्याकाळी एक बटण दाबतो. "चलन नाही, गेटपास नाही, मग माल आला कुठून?" त्यांना पटेल असं उत्तर मी आजतागायत देऊ शकलेलो नाही.

बिलावरून प्रत्येक सर्व्हरचा धनी शोधायला निघालो. एक सापडला, रोज पहाटे दोनला अहवाल बनवणारा. वाचतं कोण? कुणीच नाही. ते उत्पादनच केव्हाचं बंद झालेलं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. बरं, मुद्दा.

नेटफ्लिक्स तेव्हा सिनेमाच्या डीव्हीडीही टपालाने भाड्याने पाठवायचं. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांचा डेटाबेस बिघडला, तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. तिथून ते ॲमेझॉनच्या क्लाउडकडे वळले, पण काम पुरं व्हायला जानेवारी २०१६ उजाडला, कारण त्यांनी बिऱ्हाड हलवलं नाही, घर नव्याने बांधलं. त्याच महिन्यात भारतासह आणखी १३० देशांत ते सुरू झाले. साधारण त्याच काळात ड्रॉपबॉक्स उलट निघालं, ॲमेझॉनकडून आपल्या यंत्रांवर. फाइली साठवणं हाच ज्याचा धंदा, त्याने गोदाम भाड्याचं का ठेवावं? २०१६ आणि २०१७ मिळून त्यांचे सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचले. माझ्या मते दोघंही बरोबर.

तेव्हा विचारायचं ते इतकंच. आपल्या यंत्रांवरचा कामाचा भार कमीजास्त होतो का? जे भाड्याने घेतोय तोच आपला धंदा तर नाही? कायदा काय म्हणतो? पेमेंटचा डेटा भारतातच ठेवा, असं रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सांगितलं, तेव्हा अनेकांना ऐनवेळी धावपळ करावी लागली. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आयटीवाल्याकडे नसतात, विक्री आणि हिशेबवाल्यांकडे असतात.

आमच्या त्या बैठकीला विक्रीप्रमुखांना बोलावलंच नव्हतं. डीलरांना मोबाइलवरून ऑर्डर देता यावी, सणाच्या आठवड्यात साइट झोपू नये, हे त्यांचं दोन वर्षांपासूनचं गाऱ्हाणं. क्लाउडवर आधी न्यायचं ते हेच. आम्ही ते सगळ्यात शेवटी नेलं, अवघड होतं म्हणून. पहिल्यांदा गेलं पगारपत्रक. महिन्यातून एकदा चालायचं ते, आणि सर्व्हर तीसही दिवस चालू.